सेक्रेटरींसाठी पिशवी

१८ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी.
आज राखेचा बुधवार, कपाळावर चर्चमध्ये लावलेली राख आहे. झोपेपर्यंत पुसायची नाही असं ठरवलंय. शेजारच्या मास्तरांनी चर्चच्या फाटकातच पुसली, मी पाहिलं. ज्याची त्याची श्रद्धा.

आजपासून उपवासकाळ. नव्या पाळकसाहेबांनी यंदा वेगळीच टूम काढली आहे. म्हणाले, खाण्यापिण्याचं काही सोडू नका, चिडचिड सोडा. प्रत्येकाला एकेक पांढरी मेणबत्ती दिली. ज्या माणसापुढे आपला धीर सगळ्यात लवकर सुटतो असा एक माणूस मनात धरायचा. कोणाला सांगायचं नाही. ईस्टरपर्यंत त्याच्याशी गुपचूप चांगलं वागायचं आणि ईस्टरच्या उपासनेनंतर मेणबत्ती त्याच्या हातात द्यायची.

कल्पना बरी आहे. मला स्वतःला यात शिकण्यासारखं फार नाही, पण मंडळीपुढे एखादं उदाहरण असावं म्हणून भाग घेतोय.

माणूस शोधावा लागला नाही. धाकटा. सख्खा भाऊ. वडलांनी लाँड्री दोघांच्या नावे केली, तेव्हापासून हा रोज उशिरा येतो आणि वर शीळ घालत येतो.

संकल्प: ओरडण्याआधी दहापर्यंत मोजायचं. धाकटा आला की घड्याळाकडे बघायचं नाही. आणि रोजनिशीत खोटं लिहायचं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.
धाकटा उशिरा. दहापर्यंत मोजलं, मग ओरडलो. मोजल्यामुळे सगळे मुद्दे नीट आठवले. पद्धत चांगली आहे.

त्यावर तो म्हणाला, दादा, चहा घेतोस का? आणि खरंच घेऊन आला. मी विचारलं, काय हवंय तुला? काही नाही म्हणाला. साखर बरोबर होती. पाणी कुठंतरी मुरतंय.

लाँड्रीच्या धंद्यात माणूस वाचता येतो. डाग जुना असला की गिऱ्हाईक आधी आपल्या तब्येतीची चौकशी करतं. कारणाशिवाय कोणी गोड वागत नाही, हे मी कपड्यांवरून शिकलोय.

२१ फेब्रुवारी, शनिवार.
घड्याळाकडे न बघणं जड जातंय, कारण ते माझ्या समोरच आहे. काढून टाकलं. त्याऐवजी मोठं, ठोके देणारं आणलं आणि धाकट्याच्या इस्त्रीच्या टेबलासमोर लावलं. आता मी बघत नाही. त्यानेच बघावं. याला दया नाही तर काय म्हणतात?

२२ फेब्रुवारी, रविवार.
उपासनेला उशीर झाला. हिच्यामुळे. माझे मोजे मी कुठे ठेवले ते हिला आठवेना. बाक भरलेले होते. पण चर्चच्या सेक्रेटरींनी रुमाल टाकून कडेची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती.

सेक्रेटरींनी! गेल्या वार्षिक सभेत मी उभा राहून ज्यांना सतरा शंका विचारल्या, त्यांनी. कडेचीच जागा का? तिथे पंखा लागत नाही म्हणून? बसण्याआधी बाकाखाली बघून घेतलं. काही नव्हतं. म्हणजे निदान दिसलं नाही.

प्रवचनात लक्ष लागलं नाही. कोणी कोणाला मनात धरलं असेल याचा अंदाज घेत होतो. निम्म्या मंडळीने सेक्रेटरींनाच धरलं असणार. ते सूचना वाचायला लागले की लहान मुलं झोपतात आणि मोठी माणसं जागी होऊन घड्याळ बघतात. बिचारे. आपण इतक्या लोकांना छळतो हे त्या माणसाच्या गावीही नसेल.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार.
सकाळी दार उघडलं तर माझ्या दारापुढे मास्तर झाडू मारत होते. निवृत्त माणूस, स्वतःच्या दारापुढे कधी काडी हलवत नाही. मी विचारलं, हे काय? म्हणाले, सहज, हात लागला तसा झाडून टाकलं.

सहज! आज झाडू, उद्या कुंडी, परवा कुंपण. जागा अशीच जाते.

४ मार्च, बुधवार.
मास्तरांचं झाडणं रोज चालू आहे. आज माझ्या हद्दीवर खडूने रेघ मारून ठेवली. भांडलो नाही. मी शांततेच्या मार्गाने जाणारा माणूस आहे.

५ मार्च.
मास्तरांनी रेघ न पुसता तिच्या दोन्ही बाजूंनी झाडलं. फार पोचलेला माणूस आहे.

धाकट्याचं कौतुक करायचं ठरवलं होतं. केलं. म्हणालो, आज तुझ्या इस्त्रीत नेहमीपेक्षा कमी चुका आहेत. तो हसला. कौतुक पचवता येणंही सोपं नसतं.

८ मार्च, रविवार.
आज पहिलं गीत फार संथ वाजलं. मला संथच बरं पडतं, कारण मी प्रत्येक शब्दाचा अर्थ घेत गातो आणि बाकीचे पुढे पळतात. तर आज ऑर्गनच्या बाई ओळीच्या शेवटी चक्क माझ्यासाठी थांबत होत्या. नंतर बाहेर म्हणाल्या, तुमचा आवाज सगळ्यांतून ओळखू येतो हं. मी ताबडतोब ओळखलं. क्वायरचे झगे ईस्टरला आमच्याकडेच धुवायला येतात. बाईंना घाईत काम करून हवंय. सांगून टाकलं की झगे नंबरानेच होतील. त्या म्हणाल्या, हो हो, तुमच्या सवडीने. इतका गोडवा बरा नव्हे.

घरी येताना मनात एक चांगला विचार आला. ईस्टरला सेक्रेटरींना एवढ्या मेणबत्त्या मिळणार, त्या ते नेणार कशात? हातात घेऊन चालत गेले तर सगळा रस्ता बघणार. त्यांच्यासाठी आपल्या दुकानाची एक मोठी पिशवी न्यायची. नाडीवाली, चादरींची असते ती. हे मला सुचलं, दुसऱ्या कोणाला सुचलं नाही, यात बरंच काही आलं.

१२ मार्च, गुरुवार.
जे वाटत होतं तेच निघालं.

टांगलेल्या कोटांमागे बटणं तपासत होतो. धाकट्याने मला बघितलं नाही. फोनवर हळू आवाजात म्हणत होता की साहेब, ईस्टर होऊ द्या, मग सांगतो, आत्ता दादाला एकट्याला टाकता येत नाही. मी कोटांतून बाहेर आलो. त्याने फोन खिशात टाकला. कोण म्हणून विचारलं, तर म्हणाला की मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीतून होता, मॅनेजर हवाय त्यांना, अजून काही ठरलं नाही.

म्हणजे चहा त्यासाठी. केसाने गळा कापतात तो असा. आधी हॉटेलात जायचं, मग आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे.

रात्री जेवताना हिला म्हणालो, जाऊ दे त्याला, काही अडत नाही. ही म्हणाली, बरं. हल्ली ही वादच घालत नाही.

जाऊ दे म्हटलं खरं. पण काउंटरवर उभं राहून लोकांशी हसून बोलणार कोण? बायका कपडे टाकायला येतात आणि आधी विचारतात, धाकटे कुठे आहेत? तो नसला तर उद्या येतो म्हणतात. (हे वाक्य नंतर खोडायचं.)

१६ मार्च, सोमवार.
हिचं काहीतरी बिनसलंय. वीजवाल्याला मी नियम दाखवून कसा निरुत्तर केला तो किस्सा आज पुन्हा सांगितला. एरवी ही अर्ध्यातच उठून भांडी घासायला जाते. आज समोर बसून राहिली आणि म्हणाली, मग पुढे?

लग्नाला इतकी वर्षं झाली, मग पुढे असं कधी विचारलं नव्हतं. ही झोपल्यावर घरभर फिरून बघितलं. काही फुटलेलं नाही. काच, कपाट, मिक्सर, सगळं जागच्या जागी. यानेच जास्त काळजी वाटते.

२२ मार्च, रविवार.
पाळकसाहेबांना दारात नेहमीप्रमाणे प्रवचनातल्या दोन चुका सांगितल्या. तरुण माणूस आहे, कोणीतरी घडवायला हवं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, तुमच्यामुळे मी खूप शिकतोय. ओठ हलत होते. दहापर्यंत मोजत असावेत असं मला उगाच वाटलं.

सगळं गाव एकाएकी गोड झालंय. एकजण झाला असता तर समजलो असतो. काहीतरी शिजतंय. चर्चच्या वडीलमंडळात माझं नाव सुचवायचं चाललं असेल काय? तसं असेल तर मी आधी नाही म्हणेन. एकदाच.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार.
धाकट्याशी चांगलं वागायचं अजून नीट जमलेलं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. दोष माझा नाही. चांगलं वागायला समोरचा माणूसही तसा लागतो. उद्यापासून मात्र नक्की.

३१ मार्च, मंगळवार.
धाकटा आला. घड्याळाने दहा ठोके दिले. मी काहीच बोललो नाही. घड्याळानेच मोजलं.

४ एप्रिल, शनिवार. रात्री.
घडलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. पुढे कोणी काही म्हटलं तर असावं.

सकाळी क्वायरचे पांढरे झगे मशीनमध्ये भरले होते. गरम पाणी सोडायचं तेवढं बाकी. इतक्यात धाकटा मागच्या दाराने बाहेर पडताना दिसला. हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. मागच्या दाराने! मी आडवा गेलो. विचारलं, कुठे? म्हणाला, घरी नेतोय, हे वेगळं धुवायला लागतं, गार पाण्यात. मी म्हणालो, वा, आता दुकानातलं कापड बाहेर धुतलं जाणार? हॉटेलात की काय? तो म्हणाला, दादा, ऐक तरी. मी म्हणालो, एक शब्द नको, मी रागावलेलो नाही. गाठोडं त्याच्या हातातून घेतलं आणि मशीनमध्ये झग्यांवर टाकलं. आपल्या दुकानातलं कापड आपल्याच मशीनमध्ये धुतलं जाईल. बटण दाबलं.

उघडून बघितलं का नाही, असं कोणी विचारेल. उघडून बघितलं असतं तर मी संशयी ठरलो असतो.

वेदीवरचं जांभळं वस्त्र होतं. उपवासकाळ संपला की उतरवतात ते. दर वर्षी धाकटाच ते वेगळं धुतो, कारण त्याचा रंग जातो. हे मला माहीत आहे. मला दर वर्षी माहीत असतं.

झगे फिके जांभळे झाले. सगळे. कॉलरपासून खालपर्यंत, अगदी एकसारखे. काम म्हणून बघितलं तर रंग छान बसलाय.

ऑर्गनच्या बाई झगे न्यायला आल्या आणि काउंटरला धरून उभ्या राहिल्या. मी सांगायला सुरुवात केली की आजकालच्या मशीनचा भरवसा नाही. तेवढ्यात धाकटा पुढे आला आणि म्हणाला, बाई, माझी चूक झाली, माझ्या हातून रंगाचं कापड गेलं. मी त्याला खोडून काढलं नाही. एखादा माणूस नम्रता शिकत असेल तर मध्ये पडू नये.

दुपारभर तो, ही आणि बाई मिळून बादल्यांत झगे भिजवत बसले. जांभळा काही निघाला नाही. मी काउंटर सांभाळला. तिघंजण आले आणि धाकटे कुठे आहेत विचारून परत गेले.

जेवण गेलं नाही. उन्हामुळे असेल.

५ एप्रिल, ईस्टर. संध्याकाळी.
क्वायर फिक्या जांभळ्या झग्यांत उभं राहिलं. पाळकसाहेब म्हणाले, थडग्याबाहेरच्या पहाटेचा रंग असाच असेल. सगळे हसले. धाकटाही हसला. मी हसलो नाही, कारण मला कळलं नाही की लोक माझ्याकडे का बघताहेत.

उपासना संपली आणि मेणबत्त्या द्यायची वेळ आली. मी सेक्रेटरींची पिशवी उलगडून मांडीवर तयार ठेवली. ते उठले, आणि थेट माझ्याकडे आले. वाटलं, यांना पिशवीचं कोणी सांगितलं? त्यांनी आपली मेणबत्ती माझ्या हातात दिली. म्हणाले, कडेची जागा बरी पडली ना? मध्ये बसून तुम्हाला शंका विचारायला उठता येत नाही, म्हणून धरत होतो.

मी म्हणालो, तुमची चूक होतेय. ते म्हणाले, नाही हो.

त्यांच्या मागे मास्तर होते. म्हणाले, खडूच्या रेघेने परीक्षा पाहिली, पण प्रभूने निभावून नेलं. त्यांच्या मागे जांभळ्या झग्यात ऑर्गनच्या बाई. त्यांनी नुसता माझ्या दंडाला हात लावला. मग क्वायरमधले दोघे. मग एक गृहस्थ, ज्यांचं नाव मला माहीत नाही. त्यांना माझं माहीत होतं. वर बघितलं तर रांग दारापर्यंत गेली होती, आणि सगळे एकमेकांकडे बघून चकित झाले होते. कोणी कोणाला सांगितलंच नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच.

सातव्या मेणबत्तीनंतर मोजणं सोडलं. हातात मावेनात, म्हणून पिशवी उघडली. पिशवी योग्य मापाची आणली होती, एवढं म्हणेन.

पाळकसाहेब वेदीवरून खाली आले. मी म्हणालो, तुम्हीसुद्धा? ते कानापर्यंत लाल झाले. शेवटी ही आली. हिची मेणबत्ती पर्समध्ये राहून वाकडी झाली होती. म्हणाली, दुसऱ्या कोणाला दिली असती तर तुम्हीच रागावला असता. मग पिशवीची नाडी ओढून नीट बांधून दिली.

धाकटा रांगेत नव्हता. मागच्या बाकांपाशी झग्यांच्या पिशव्यांच्या घड्या घालत होता. मला एकदम भरून आलं. एवढ्या मंडळीत निदान एकाचा तरी माझ्यामुळे धीर सुटत नाही, आणि तो माझा भाऊ. खांद्यावर पिशवी टाकून त्याच्याकडे गेलो आणि माझी मेणबत्ती त्याला दिली. त्याने घेतली. मी विचारलं, तुझी कोणाला दिलीस? म्हणाला, गल्लीतल्या रखवालदाराला, तो रोज माझी सायकल सावलीतून उन्हात हलवतो. मी म्हणालो, म्हणजे तू मला मनात धरलं नव्हतंस.

तो म्हणाला, दादा, हे ईस्टरपर्यंतच होतं. तू काय तेवढ्यापुरता आहेस? तुला तर मी बारा महिने सहन करतो.

रागाने म्हणाला असता तर उत्तर देता आलं असतं. घडी घालता घालता म्हणाला.

मी म्हणालो, झगे माझ्यामुळे बिघडले. तो म्हणाला, ते सगळ्यांना माहीत आहे. हॉटेलचं विचारलं. म्हणाला, उद्या कळवायचंय. तिथे गोंगाट आहे, पण ओरडत कोणी नाही. नको जाऊस, एवढंच म्हणायचं होतं मला. तोंडातून निघालं, बघ बाबा, तुझं तू. का असं होतं कळत नाही. लहानपणी ताप आला की हा माझाच हात धरून झोपायचा.

घरी आलो. डोळ्यांना पाणी येतंय. हिला सांगितलं, मेण गेलं. हिने पिशवी कपाटात ठेवली, म्हणाली, वर्षभर लाइट गेली तरी चिंता नाही.

६ एप्रिल, सोमवार.
दुकान मी उघडलं. धाकट्याची इस्त्री टेबलावर होती, टॉवेलात गुंडाळलेली. ती वडलांनी त्याला दिलेली. म्हणजे घेऊन जायला येईल.

घड्याळ काढलं. खिळा राहिला, तो निघेना. चहा करून ठेवला.

तो आला. शीळ घालत. किती वाजले होते ते मला माहीत नाही. मी म्हणालो, गुड मॉर्निंग. पुढे काही जोडलं नाही. चहा त्याच्यासमोर ठेवला.

शीळ थांबली. त्याने भिंतीकडे बघितलं, खिळ्याकडे, मग माझ्याकडे. तब्येत बरी आहे का विचारलं. बरी आहे म्हणालो. वहिनी बऱ्या आहेत का? बऱ्या आहेत. मग विचारलं, दादा, काय हवंय तुला?

मी म्हणालो, तू.

मग त्याने टॉवेल सोडला आणि इस्त्रीची वायर लावली. म्हणाला, हॉटेलवाल्यांना महिन्याने सांगतो, महिनाभर बघू. स्टूल ओढलं, बसण्याआधी खाली वाकून बघून घेतलं. आणि चहाचा पहिला घोट मला घ्यायला लावला.